कोर्टातली साक्ष उघड असते, मग तिची नक्कल मागताना अडतं कुठं?

प्रश्न थोडक्यात असा. तासगाव तालुक्यातल्या एका ताईंचा वाटपाचा दावा तासगावच्या दिवाणी न्यायालयात चालू आहे. घरातलं वाटप १९९८ सालीच झालं, अशी कैफियत (दाव्याला दिलेलं लेखी उत्तर) चुलत दिराने दिली आहे. हाच दीर २०१६ मध्ये विट्याच्या कोर्टात, आत्याने लावलेल्या दुसऱ्या दाव्यात, मिळकत अजून एकत्रच आहे असं शपथेवर सांगून गेल्याचं ताईंना कळलं आहे. त्या दाव्यात ताई पक्षकार नव्हत्या. ती साक्ष त्यांना मिळेल का? शिवाय लवकरच त्यांची स्वतःची साक्ष आहे, आणि अमेरिकेतला मुलगा सांगतो की ‘डिपोझिशन’ गोपनीय असतं. खरं काय?

ताई, आधी मुलाचं म्हणणं बाजूला काढू. तो चुकीचं सांगत नाही, पण तो तिथलं सांगतोय. अमेरिकेतलं डिपोझिशन म्हणजे खटला सुनावणीला लागण्याआधी, बहुतेक वेळा वकिलाच्या कार्यालयात, न्यायाधीश समोर नसताना घेतलेली साक्ष. शपथ देणारा अधिकारी आणि शब्दन् शब्द टिपणारा रिपोर्टर असतो. तिथल्या फेडरल नियमांप्रमाणे एका साक्षीदाराला एक दिवस, सात तास, एवढी मुदत असते. तो उतारा वकिलांकडेच राहतो. खटल्यात प्रत्यक्ष वापरेपर्यंत किंवा कोर्टाने सांगेपर्यंत तो कोर्टात दाखल करायचाच नसतो. म्हणून लोकांना तो दिसत नाही. वर कोर्टाकडून संरक्षक आदेश घेऊन त्याच्यावर आणखी कुलूप घालता येतं. सुनावणीआधीची डिपोझिशन हा उघड न्यायदानाचा भाग नाही, असं तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये सिअ‍ॅटल टाइम्सच्या खटल्यात म्हटलं आहे.

आपल्याकडे ही पायरीच नाही. सुनावणीआधी प्रश्नावली देता येते, कागद दाखवायला लावता येतात, पण साक्ष होते ती कोर्टापुढे किंवा कोर्टाने नेमलेल्या कमिशनरपुढे, आणि लगेच दप्तरात जाते. दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम १५३ ब सांगतं की कोर्टाची जागा खुली असेल, जागा पुरेल तेवढ्या लोकांना आत येता येईल. त्यामुळे तुमची साक्ष चालू असताना मागच्या बाकावर गावातलं कोणी येऊन बसलं, तर त्याला उठवता येत नाही. न्यायाधीशांना विशेष कारण वाटलं तर गोष्ट वेगळी.

आता खरी मेख. कोर्टात बसून ऐकणं वेगळं आणि त्या साक्षीची सहीशिक्क्याची नक्कल हातात पडणं वेगळं. न्यायालयीन दप्तर सार्वजनिक दस्तऐवजात मोडतं हे खरं आहे. नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम ७४, जुन्या पुरावा कायद्यातही ७४ च. पण नक्कल देण्याचं कलम, नवं ७५ आणि जुनं ७६, नीट वाचा. ज्या सार्वजनिक दस्तऐवजाची पाहणी करण्याचा त्या माणसाला हक्क आहे, त्याचीच नक्कल फी घेऊन द्यायची, असं ते म्हणतं. सगळी अडवणूक आणि सगळी वाट त्या एका शर्तीत आहे. पक्षकाराला हा हक्क सरळ असतो. त्रयस्थाला आपला संबंध दाखवावा लागतो. विट्याच्या दाव्यापुरत्या तुम्ही त्रयस्थ आहात.

संबंध दाखवणं तुमच्या बाबतीत अवघड नाही, पण तो कागदावर दिसला पाहिजे. ‘कोर्टकामी नक्कल हवी’ एवढ्या ओळीवर त्रयस्थाचा अर्ज परत येतो, आणि यायलाच हवा. उद्या कोणीही कोणाच्याही घरचं दप्तर उपसेल. अर्जात विट्याच्या दाव्याचा नंबर, साल, दोन्हीकडच्या पक्षकारांची नावं आणि निकालाची तारीख घाला. तासगावच्या दाव्याचा नंबर द्या, तो दीर तिथं कितवा प्रतिवादी आहे ते लिहा, त्याच्या कैफियतीतला १९९८ च्या वाटपाचा परिच्छेद क्रमांक सांगा, आणि आधीची साक्ष याच मुद्द्यावर का लागते ते दोन-तीन वाक्यांत मांडा. सोबत शपथपत्र, तुमच्या दाव्याची आणि त्या कैफियतीची प्रत जोडा. वकील असलाच पाहिजे असं नाही, पण तुमच्या वकिलांकडूनच अर्ज गेला तर शब्द एकमेकांशी जुळतात. कोर्टाला वाटलं तर ते मूळ पक्षकारांचं म्हणणं मागवू शकतं. आत्या हरकत घेणार नाही, दीर घेईल. निव्वळ ‘माझं बोलणं माझ्याविरुद्ध वापरतील’ ही हरकत फार टिकणारी नाही.

दाव्याचा नंबर ठाऊक नसेल तर ई-कोर्टच्या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपवर विटा न्यायालय निवडून पक्षकाराच्या नावाने शोधा. चालू आणि निकाली, दोन्हीत बघा. दावा सापडला की सोळा अक्षरी सीएनआर नंबर, म्हणजे त्या दाव्याचा स्वतःचा ओळख क्रमांक, टिपून ठेवा. तिथं आदेश आणि निकालपत्र वाचायला मिळतं, साक्षी नाहीत. तरी निकालपत्र आधी नीट वाचा. न्यायाधीश साक्षीची चर्चा करतात तेव्हा ‘प्रतिवादी साक्षीदार क्रमांक अमुक, निशाणी अमुक’ असं लिहितात, आणि तुम्हाला हवी असलेली निशाणी, म्हणजे दप्तरात त्या कागदाला पडलेला क्रमांक, तिथंच सापडते. कधी कधी त्याच निकालपत्रात त्याच्या कबुलीचा सारांशही असतो. तो वाचून ‘काम झालं’ समजू नका. निकालपत्रातला सारांश म्हणजे साक्ष नव्हे.

नक्कल अर्जात सगळ्यात जास्त चूक होते ती निशाणीच्या बाबतीत. दिवाणी दाव्यात सरतपास, म्हणजे साक्षीदाराचं स्वतःच्या बाजूचं सांगणं, शपथपत्रावर दाखल होतो आणि उलटतपास, म्हणजे समोरच्या वकिलाचे प्रश्न, नंतर तोंडी होतो, बरेचदा दोन-तीन तारखांना तुटक. ‘नि. ४२ ची नक्कल’ असं मागितलं आणि नि. ४२ ला नुसतं शपथपत्रच असलं, तर तेवढंच हाती येतं. तुम्हाला हवं असलेलं वाक्य बहुधा उलटतपासात असतं. म्हणून असं लिहा: ‘सदर साक्षीदाराचे सरतपासाचे शपथपत्र, सर्व तारखांचा उलटतपास, फेरतपास असल्यास तोही, आणि साक्षीत त्याला दाखवलेले दस्तऐवज’. सोबत रोजनाम्याचीही, म्हणजे दाव्यात तारीखवार काय झालं त्या नोंदीचीही, नक्कल मागा. कुठल्या तारखेला साक्ष झाली, कधी तहकूब झाली, साक्षीदार नंतर फिरकलाच नाही का, हे सगळं रोजनाम्यात दिसतं. उलटतपास अपुरा राहिलेली साक्ष तुम्ही हुकमी म्हणून बाहेर काढाल आणि समोरचा वकील हसेल.

अर्ज देताना कोर्ट फी स्टँप आणि पानांच्या अंदाजाने अनामत भरावी लागते. तातडीच्या नकलेचा दर वेगळा. दर नक्कल विभागात विचारून घ्या. अर्जाचा नंबर लिहून घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका, आणि अनामत कमी पडली का हे स्वतः जाऊन विचारा. पैसे कमी म्हणून अर्ज निकाली निघतो आणि पक्षकार महिनाभर ‘नक्कल होतेय’ असं समजून बसतो. नक्कल हातात आली की तिथंच तपासा. शेवटी खरी नक्कल असल्याचा दाखला, तारीख, अधिकाऱ्याची सही, नाव आणि हुद्दा, कोर्टाचा शिक्का. पानांचा क्रम जुळतो का, साक्षीदाराची आणि न्यायाधीशांची सही असलेलं शेवटचं पान आलं का, तेही बघा. यातलं काही राहिलं तर तासगावात त्या कागदाला हरकत येते आणि हेलपाटा पडतो.

दप्तर विट्यालाच असेल असं मात्र धरून चालू नका. निकालाविरुद्ध अपील झालं असेल तर मूळ कागद जिल्हा न्यायालयात गेलेले असतात, आणि खालचं कोर्ट नक्कल देऊच शकत नाही. अर्ज जिथं कागद आहेत तिथंच करायचा. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं असेल तर आता मुंबई नव्हे, कोल्हापूर. १८ ऑगस्ट २०२५ पासून सातारा, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांसाठी तिथं उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच (मुख्य ठिकाणाबाहेर बसणारं पीठ) बसतं. अपील नसेल तर निकाली दप्तर तालुक्याला असेल किंवा सांगलीच्या अभिलेख कक्षात. आधी शोध घ्यायला सांगा, मग पैसे भरा. दप्तराची वर्गवारी असते, आणि मुदत संपलेले कागद नष्ट केले जातात. निकालपत्र आणि हुकूमनामा (निकालावरून काढलेला औपचारिक आदेश) टिकतो, साक्षी तेवढ्या टिकतीलच असं नाही. २०१६ ची साक्ष सापडायला हवी, पण उशीर करू नका.

वाटपाच्या दाव्यांत लोक आजोबांच्या साक्षी शोधत येतात, म्हणून थोडं जुन्या कागदांबद्दल. १ ऑगस्ट १९४९ ला दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि २१ नोव्हेंबर १९६० ला त्याचं नाव सांगली पडलं. त्याआधी तासगाव, खानापूर, वाळवा आणि शिराळा हा भाग सातारा जिल्ह्यातच होता. त्यामुळे १९४९ पूर्वीच्या इकडच्या अपिलाच्या निकालावर ‘सातारा’ लिहिलेलं सापडलं तर चुकून आलं असं समजू नका. शोधअर्ज दोन्ही जिल्ह्यांत द्या. सांगली, मिरज, जत, औंध ही संस्थानं. तिथली न्यायालयं वेगळी होती. आटपाडी औंधात होती हे बरेच जण विसरतात.

आणि कुळकायद्याचे जबाब. १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानंतर, म्हणजे कुळं जमिनीची मालक मानली गेली त्या दिवसानंतर, कुळकायद्याच्या कलम ३२ ग च्या चौकशीत तहसीलदारांपुढे कुळाचे आणि मालकाचे जबाब झाले. जमीन कोणाच्या वहिवाटीत, एकत्र की वाटून, याबद्दल त्यात कधी कधी एका वाक्यात इतकं स्वच्छ लिहिलेलं असतं की कोर्टातल्या दहा पानी साक्षीत तेवढं मिळत नाही. हे जबाब कोर्टाचं दप्तर नव्हे, तहसीलच्या अभिलेख कक्षातलं. तिथं नक्कल अर्जही चालतो आणि माहितीचा अधिकारही: दहा रुपये फी, तीस दिवसांची मुदत.

कोर्टाच्या साक्षीसाठी मात्र माहिती अधिकाराचा अर्ज करू नका. उच्च न्यायालयाच्या नियमांत नकलेची स्वतंत्र सोय असताना त्या कायद्याखाली नक्कल मागता येत नाही, त्रयस्थाने नियमाप्रमाणे कारण देऊन अर्ज करावा, असं सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० ला गुजरात उच्च न्यायालयाच्या प्रकरणात ठरवलं. अजूनही लोक तसे अर्ज करतात, अपील करतात आणि सहा महिने घालवतात.

अर्ज नामंजूर झालाच तर तो आदेश फेकून देऊ नका, त्याची नक्कल घ्या. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर १३ नियम १० खाली तुमचं तासगावचं कोर्ट दुसऱ्या कोर्टाचं दप्तर मागवून घेऊ शकतं. त्यासाठी शपथपत्रावर दोन गोष्टी दाखवाव्या लागतात: तो कागद तुमच्या दाव्यात कसा महत्त्वाचा आहे, आणि त्याची अधिकृत नक्कल वाजवी वेळात, वाजवी खर्चात का मिळत नाही. नामंजुरीचा आदेश हा दुसऱ्या गोष्टीचा आयता पुरावा. नक्कल न मागताच थेट दप्तर मागवण्याचा अर्ज दिला तर पहिला प्रश्न हाच येतो.

आता नक्कल मिळाली असं धरू. ती यादीसोबत दाखल केली, निशाणी पडली, की दीर हरला असं होत नाही. विट्याला तो असं बोलला, एवढंच तिने सिद्ध होतं. बोलला ते खरं, हे नव्हे. तुमची बाजू बळकट आहे ती वेगळ्या कारणाने: तो तुमच्या दाव्यात नुसता साक्षीदार नाही, पक्षकार आहे. पक्षकाराचं स्वतःच्या हिताविरुद्धचं आधीचं विधान ही कबुली ठरते आणि ती स्वतंत्र पुरावा म्हणून वापरता येते. तरी उलटतपासात ते वाक्य त्याला दाखवाच. कबुली म्हणजे शेवटचा शब्द नव्हे. ‘त्या दाव्यातली जमीन वेगळी होती, मी तेवढ्यापुरतं बोललो’ असा खुलासा तो देऊ शकतो, आणि विट्याच्या दाव्यात कोणते गट नंबर होते यावर तो खुलासा तरेल किंवा बुडेल. म्हणून विट्याच्या वादपत्रातल्या (दावा लावताना दिलेल्या अर्जातल्या) मिळकतीच्या वर्णनाची नक्कलही सोबत काढा. नुसतं वाक्य हातात घेऊन उलटतपासाला उभं राहणारे इथंच घसरतात.

दीर पक्षकार नसून नुसता साक्षीदार असता, तर मात्र त्या विशिष्ट ओळींकडे त्याचं लक्ष वेधल्याशिवाय विसंगती वापरता आली नसती. हे नव्या कायद्याचं कलम १४८, जुनं १४५. आणि तो हयात नसता किंवा सापडत नसता, तर आधीची साक्ष थेट पुरावा म्हणून आणण्याची वाट कलम २७ ची, जुनं ३३. तिच्या अटी कडक आहेत: दोन्ही दाव्यांत पक्षकार किंवा त्यांचे हितसंबंधी तेच हवेत, आता ज्याच्याविरुद्ध वापरायची त्याला तेव्हा उलटतपासाची संधी असायला हवी, मुद्दाही मूलतः तोच हवा. तुमचा दावा १ जुलै २०२४ च्या आधी दाखल झालेला असेल तर जुनाच पुरावा कायदा लागू राहतो. अर्जात कलम लिहिताना वकिलांना तारीख सांगा.

नक्कल आत्ताच दाखल करायची की उलटतपासापर्यंत झाकून ठेवायची? वादीला उशिरा कागद दाखल करायला कोर्टाची परवानगी लागते. पण साक्षीदाराला उलटतपासात सामोरं करायच्या कागदाला ते बंधन नाही, आणि पक्षकार स्वतः साक्षीला उभा असला तरी हीच मुभा लागू होते, हे डिसेंबर २०२३ मध्ये मोहम्मद अब्दुल वाहिद विरुद्ध निलोफर या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं. माझं मत: तुमचा दावा या एका साक्षीवर उभा असेल तर ती उघड दाखल करा, परवानगी मागून. झाकून ठेवलेला कागद दीर साक्षीला उभाच राहिला नाही तर तुमच्या पिशवीतच राहतो. बाकी पुरावा भक्कम असेल आणि ही फक्त त्याला खोटं पाडायला हवी असेल, तर थांबायला हरकत नाही.

बंद दाराआडचे प्रकारही सांगतो, कारण लोक सगळंच एका मापाने मोजतात. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २२ प्रमाणे घटस्फोट, नांदायला येणं वगैरे कामं बंद दाराआड चालतात, आणि परवानगीशिवाय त्यातलं छापणाऱ्याला एक हजार रुपयांपर्यंत दंड आहे. बलात्काराचे आणि बालकांवरच्या लैंगिक अत्याचाराचे खटलेही इन कॅमेरा, म्हणजे बंद दाराआडच. पीडितेची ओळख उघड करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली स्वतंत्र गुन्हा, दोन वर्षांपर्यंत कैद. अशा पीडितेचा दंडाधिकाऱ्यांपुढचा जबाब आरोपपत्र येईपर्यंत कोणालाही द्यायचा नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये शिवण्णा प्रकरणात बजावलं. पोलिसांनी तपासात घेतलेले जबाब तर साक्षच नव्हेत. त्यांची प्रत आरोपीला आरोपपत्रासोबत मिळते, शेजाऱ्याला नाही. एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर दिसतो म्हणून जबाबही दिसायला हवेत, हा गैरसमज.

दिवाणी दाव्यातली साधी साक्षही कोर्ट प्रसिद्धीपासून अडवू शकतं, आणि त्याचा मोठा दाखला आपल्या मुंबईचाच आहे. ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाच्या संपादकाविरुद्धच्या बदनामीच्या दाव्यात एका साक्षीदाराने तक्रार केली की आधीची साक्ष छापून आल्याने धंद्याचं नुकसान झालं. न्यायमूर्ती तारकुंडे यांनी पुढची साक्ष छापू नये असा तोंडी आदेश दिला. पत्रकार मिरजकर सर्वोच्च न्यायालयात गेले. १९६६ मध्ये नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने उघड न्यायदान हाच नियम मानला, तरी न्यायासाठी गरज पडली तर असा आदेश देण्याचा कोर्टाला अंगभूत अधिकार आहे असं बहुमताने ठरवलं. न्यायमूर्ती हिदायतुल्ला यांचं मत विरोधी होतं. वाटपाच्या दाव्यात असा आदेश मागून मिळेल, अशी आशा मात्र धरू नका. भावकीत लाज वाटते हे कारण पुरत नाही.

म्हणजे तुमच्या साक्षीचं उत्तर निघालं: ती गोपनीय नसेल. तुमच्या सरतपासाच्या शपथपत्राची प्रत दिराला मिळणारच. त्यात लागत नसेल तर आधार क्रमांक, बँक खातं, मुलांचे फोन नंबर घालू नका; एकदा दप्तरात गेलं की ते पुसून घेणं कटकटीचं. आजारपण किंवा घरातलं काही अगदी खाजगी सांगावं लागणार असेल तर साक्षीच्या आधी, लेखी अर्ज देऊन, तेवढ्या भागापुरती बंद दाराची विनंती करा. साक्ष झाल्यावर केलेली विनंती म्हणजे बैल पळाल्यावर गोठ्याला कडी.

उलटतपास संगणकावर मराठीत टंकला जातो आणि संपल्यावर तुम्हाला वाचून दाखवायचा असतो. घाईची वेळ असते, पण सही करण्याआधी तुम्ही वाचाच. प्रश्न आणि उत्तर एकत्र करून ‘हे म्हणणे खरे आहे की’ अशी वाक्यं होतात, आणि ‘नाही’ एवढा शब्द गळला तरी अर्थ उलटा. ‘एकत्र आहे’ आणि ‘एकत्र होती’ यावरच तुमचा दावा आहे. चूक दिसली तर तिथंच, त्याच क्षणी न्यायाधीशांना सांगा, दुरुस्ती त्याच पानावर होते. दुसऱ्या दिवशी अर्ज दिला तर तो बदललेला जबाब वाटतो. नंतर आठवडाभरात स्वतःच्या साक्षीची नक्कल मागा. तुम्ही पक्षकार आहात, तिथं कारण द्यावं लागत नाही.

आणखी एक तारीख ध्यानात असू द्या. निकाल विरुद्ध गेला तर जिल्हा न्यायालयात अपिलाला तीस दिवस. निकालपत्र आणि हुकूमनाम्याची नक्कल मिळायला लागलेले दिवस त्यातून वजा होतात, साक्षींच्या नकलेचे होत नाहीत. साक्षी येईपर्यंत अपील थांबवून ठेवू नका. अपील दाखल करा, साक्षी मागून जोडता येतात.